खाटेवरची तिसरी परिचारिका

ज्या कक्षात ती परिचारिका वर्षानुवर्षे राबली, त्याच कक्षातील खिडकीजवळच्या खाटेवर ती तापाने फणफणत दाखल झाली, हा रुग्णालयाच्या दृष्टीने दुर्मीळ योगच म्हणावा लागेल. तिघींचे काम कित्येक महिने दोघी ओढत होत्या; आता तिच्या जागी एक नवी मुलगी आली होती आणि तिसरी म्हणून ती स्वतः चोवीस तास हजर होती. ती आडवी होती, हा तपशील गौण.

"औषधापेक्षा झोप महत्त्वाची," असे डॉक्टरांनी बजावले होते. औषध तेवढे मिळाले.

प्रथम मेट्रनबाई आल्या. "कशी आहेस गं? पडल्या पडल्या त्या नव्या मुलीवर जरा लक्ष ठेव. डोळ्यांना काही झालं नाही ना?"

मग शेजारच्या खाटेवरचे आजोबा खाकरले. "सिस्टर, माझं सलाइन संपलं."

"आजोबा, मी पेशंट आहे हो."

"ते दिसतंय मला. पण जवळ तुम्हीच आहात."

युक्तिवाद बिनतोड होता. तिने एका हाताने स्वतःची बाटली उंच धरली आणि दुसऱ्याने आजोबांची बंद केली. नेमक्या त्याच क्षणी तिची थोरली बहीण आत आली.

"अगं, तू आजारी आहेस की कामावर?"

"ताई, दोन्हीही."

ताई तडक मेट्रनबाईंकडे गेली. "हिला दुसऱ्या वॉर्डात हलवा."

"हलवते की! तिथे तर एकच सिस्टर आहे. देवासारख्या धावून आलात."

"मग घरीच नेते."

"खुशाल न्या. घरी गेली म्हणजे बरी झाली. उद्या सकाळच्या पाळीला पाठवा."

ताईने धाकटीला रिक्षात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाचे, अनोळखी रुग्णालय गाठले. तिथल्या परिचारिकेचे डोळे जागरणाने सुजलेले होते; केसपेपर भरत तिने उभ्याउभ्याच विचारले, "पेशंट काय करतात?"

"शिवणकाम," धाकटीने तोंड उघडण्यापूर्वीच ताई म्हणाली.

धाकटीने मात्र सवयीने बाही वर सारून हात पुढे केला होता. "ही शीर घ्या. वरची फुटते. आणि सुई बारीक लावा."

लिहिणारा हात थांबला. त्या परिचारिकेने तिच्याकडे एकवार नीट पाहिले, ताईकडे पाहिले आणि ठळक अक्षरांत "शिवणकाम" असे लिहिले. सलाइन लावून तिने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

पलीकडून तिचा दरडावणीचा आवाज आला, "टेलरबाईंना कुणी उठवायचं नाही हं!"

टेलरबाई तोवर घोरू लागल्या होत्या.