भिकूची पाळत

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही नाक चिमटीत धरलंय आणि पपईच्या पोकळ देठातून श्वास घेताय. तसंच चालायचंय, जेवायचंय, झोपायचंय. एकोणीसशे एकाहत्तर साली नशिराबादच्या चुडामण आबांचं असंच झालं होतं. सारं आयुष्य डाळीच्या गिरणीत गेलं, तिथली धूळ फुप्फुसांत साचली. आता ते बरे होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणून जळगावहून सुगंधाबाई नर्स रोज बसने घरी येऊ लागल्या. आबांची बहीण धुरपदाबाई हिला पहिल्या दिवसापासून त्यांचा संशय. या बाईने आल्या आल्या खिडकी उघडली, ऊद विझवला आणि ती आबांना आडवं होऊ देईना. धुरपदाबाईने आबांच्या नातीला, भिकूला, बाजूला घेतलं.

"मले तिचा भरोसा नाही. ती काय करते ते पाह्य अन् मले सांग."

तिची भीती मनापासूनची होती. त्यांच्यात माणसाचा शेवट जवळ आला की त्याला खाटेवरून सारवलेल्या जमिनीवर घेतात. ही बाई भावाला खाटेवरच मरू देईल, असं तिला वाटे.

भिकू दाराआडून पाहू लागली. सुगंधाबाई आबांना बसवत, मांडीवर उशा रचून पुढे वाकवत आणि त्यांच्या पाठीला स्वतःची पाठ लावून बसत. भिकूला तो जादूटोणाच वाटला. पण तसं बसलं की आबांना बोलता येई.

"दाराआड फौजदार उभा दिसतो," ते एकदा हळूच म्हणाले.

एका दुपारी आबांना फार धाप लागली. नर्स अंगणात हात धूत होत्या. धुरपदाबाईने शेजारच्या तोतारामाला बोलावलं. दोघांनी आबांना खाली घेऊन उताणं निजवलं. आबांचे ओठ काळेनिळे पडू लागले. सुगंधाबाई धावत आल्या, तर धुरपदाबाईने त्यांना दारातच अडवलं.

"जमिनीवरच राहू द्या, अक्का. पण बसवा त्यांना," सुगंधाबाई म्हणाल्या.

"बसवून तू काय करते, ते कळू दे सगळ्यांले. भिके, सांग. काय पाह्यलं?"

भिकूने आबांच्या खांद्याखाली हात घातले. ते पाहून तोताराम पुढे झाला आणि त्याने आबांना बसतं केलं. भिकूने खाटेवरच्या उशा त्यांच्या मांडीवर रचल्या. मग ती मागे गेली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून, पाय भिंतीला रेटून बसली. हळूहळू आबांच्या ओठांचा काळानिळा रंग ओसरू लागला.