हजेरीतलं नाव

पत्र्याच्या पेटीची कडी खट्ट वाजली आणि दुपारच्या शांततेत झोपलेल्या छकुलीने कूस बदलली. आई हात तसाच धरून थांबली. लेकीचा श्वास पुन्हा संथ झाला तेव्हा तिने झाकण हळूच वर केलं आणि साड्यांच्या तळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, नेमणुकीचा कागद. प्रत्येकावर तेच एक नाव, त्यावर अर्धा चढलेला जांभळा शिक्का.

ते नाव तिचं नव्हतं. तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. आणि आज चार वाजता ती थोरली बहीण शाळेत नाव घालायला येणार होती.

मिठागरावर हजेरी माणसागणिक नाही, घरागणिक लागायची. मुकादम यादीतलं नाव पुकारायचा आणि घरातलं जे मोकळं असेल ते उभं राहायचं. बाप तापाने पडला तर आई, आई बाळंतीण असली तर आत्या. फावड्यामागे दोन हात दिसले की मुकादम पुढच्या नावाकडे वळायचा. वस्तीत शाळा निघाली तेव्हा मास्तर सायकलवरून दारोदार फिरले आणि सात वर्षांची पोरं लिहून घेऊन गेले. त्यात ताईचं नाव लागलं. पण शाळा उघडली त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, तयार मीठ ओढायचं पडलं होतं, आणि ताईचा हात बायाबापड्यांपेक्षा झपझप चालायचा. बाबांनी पाच वर्षांच्या धाकटीला पुढे केलं. ही नाहीतरी बांधावर बसून खेकड्यांशी बोलते, म्हणाले. नाव लागलंय, तर कुणीतरी बसायला हवं.

मास्तरांनी ताईचं नाव पुकारलं, धाकटी उभी राहिली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे घरात ताईला सगळे नुसतं ‘थोरली’ म्हणायला लागले, मास्तरांच्या कानावर एका नावाच्या दोन पोरी जायला नकोत म्हणून. वावगं वाटायला लागलं तोवर धाकटी चौथीत गेली होती, मास्तरांची बदली झाली होती, आणि आता कशाला उकरायचं, असं सगळ्यांचंच ठरलं होतं.

शाळेच्या त्या एका खोलीने वस्तीचं रूप पालटलं, हे मात्र खरं. मिठागराच्या कचेरीबाहेर एक पिवळा पडलेला कागद वर्षानुवर्षं चिकटवलेला होता. लोक त्याच्याच खाली बसून डबे सोडायचे. सातवीतल्या एका पोरीने एकदा आईची वाट बघता बघता तो मोठ्याने वाचला. मिठात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला गुडघ्यापर्यंतचे बूट द्यावेत, असं त्यात लिहिलं होतं. बायका डबे तसेच टाकून आत गेल्या. महिन्याभरात बूट आले. आता बाटलीवरचं वाचून मगच औषधाचा चमचा भरला जातो, पोरींच्या लग्नाचा विषय दहावीच्या आधी कुणी काढत नाही, आणि वस्तीतलीच एक पोर, तीच धाकटी, शाळेत बाई झाली आहे. कुणी पाहुणा आला की लोक तिला कौतुकाने दाखवतात. त्या वेळी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते.

नवराही तिला कागदावरच्याच नावाने हाक मारतो. लग्न होऊन आठ वर्षं झाली, अजून त्या हाकेला ओ द्यायला तिला क्षणभर उशीर होतो.

तिने पिशवी पुन्हा तळाशी सरकवली. तिचं ठरलं होतं. ताईचं नाव ताईला द्यायचं, उद्या मुख्याध्यापकांना सगळं सांगायचं, मग नोकरीचं व्हायचं ते होवो. गेले आठ दिवस पोळ्या लाटताना ती तेच वाक्य मनात घोळवत होती आणि रोज एखादी पोळी करपत होती.

छकुलीला उठवून, तोंड पुसून ती शाळेत आली. मोठ्या बायकांचा वर्ग गेल्याच महिन्यात सुरू झाला होता. पोरांच्या बुटक्या बाकांवर अकरा बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. चहावाल्या काकू पाटी उलटीसुलटी करून बघत होत्या.

“बाई, चुकलं तर छडी मारणार का?” त्या म्हणाल्या. “मारा, पण हातावर नको. उद्या फावडं धरायचंय.”

बायका हसल्या. बाईही हसली, आणि त्या हसण्यानेच तिला एक जुनी सकाळ आठवली. तेव्हा ती तिसरीत होती. ताई मिठाची पाटी डोक्यावर घेऊन शाळेच्या खिडकीखालून चालली होती. आत मास्तरांनी नाव पुकारलं आणि दोन ‘हजर’ एकदम ऐकू आले, एक वर्गातून, एक खिडकीतून. सगळा वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, मिठागरावरच्या पोरींना चेष्टा सुचते म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती धाकटी. ताईने पाटी सावरली, मान न वळवता ती पुढे गेली. त्यानंतर ती बांधावरून लांबच्या वाटेने जायची.

ताई शेवटी आली. बूट दाराबाहेर काढून ठेवले. टाचांच्या भेगा बूट येण्याआधीच्या होत्या, त्या आता भरून यायच्या नव्हत्या. तिने स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावलं होतं, पहिल्या दिवशी पोरं येतात तशी. छकुली धावत जाऊन तिच्या मांडीवर बसली.

बाईने हजेरीपट उघडला. एकदा शिकून गेलेलं नाव पुन्हा घालू नका, वरून विचारणा होते, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“ताई, तुझं नाव,” ती म्हणाली आणि पाठ केलेलं वाक्य तिथेच अडलं.

ताईने एकदा इतर बायकांकडे पाहिलं. मग पुढे झुकून, भाजी किती घालू विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “तुझं घाल ना. ते पडूनच आहे.”

“ताई...”

“अगं, कुणी वापरलेलंच नाही. नवं कोरं आहे.” ती हसली. “आणि माझं चांगलं चाललंय की तुझ्याकडे. उगाच कशाला हलवायचं?”

बाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते किती चटकन उतरलं, हे जाणवलं आणि तिचे कान तापले. नाही म्हणायला तेवढाच एक क्षण होता. तिने मान खाली घातली आणि बाराव्या ओळीत स्वतःचं खरं नाव लिहिलं. ते लिहायची तिची पहिलीच वेळ होती. अक्षर जरा वाकडं आलं.

मग ताईला गिरवायला म्हणून तिने तेच नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत काढून दिलं. ताईने खडू फावड्याच्या दांड्यासारखा मुठीत धरला. बाईने तिची बोटं एकेक करून सोडवली, खडूवर नीट बसवली. बोटं लाकडासारखी कडक होती. पहिलं अक्षर गिरवून होताच ताईने पाटी लांब धरून पाहिली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की बाईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

छकुली नुकतीच पहिलीत गेली होती. दिसेल ते वाचायचा तिला नाद लागला होता. मावशीच्या मांडीवरून वाकून तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत नाव लावलं, मग पुन्हा सलग वाचलं.

“आई, हे तर आजी तुला म्हणते ते नाव.”

“हं.”

“आणि बाबा हाक मारतात, तेही तुझंच?”

चहावाल्या काकूंचा खडू थांबला. ताई खाली मान घालून दुसरं अक्षर गिरवत होती, जिभेचं टोक दातांत धरून.

छकुलीने आईकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“मग मावशीचं कुठलं?”