रघ्या ‘पुरे’ म्हणेपर्यंत

‘‘खा म्हणतो ना!’’ देवजी मास्तरांनी काकडीची फोड रघ्याच्या ओठांशी नेली. रघ्यानं तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

जव्हार संस्थानातल्या जामसरच्या दरबारी शाळेत त्या दिवशी सगळी पोरं गोल करून बसली होती. पाटलाच्या गोदाशेजारी वारली पाड्यावरचा रघ्या, त्याच्या पलीकडे गावातला जिवा. एरवी गावची पोरं भिंतीकडे आणि पाड्यावरची दाराकडे अशा आपोआप दोन पंगती पडत. मास्तरांना ते बघवत नसे. तेही शेतकऱ्याचं पोर, जव्हारला दाराशी बसूनच शिकलेलं. म्हणून पाटलाच्या वाडीतल्या कोवळ्या काकड्या त्यांनी मागून आणल्या, स्वतः चिरल्या. एका ताटातलं खाल्लं की एकमेकांचा मान ठेवायला शिकतील, असा भाबडा हिशेब. गावच्या पोरांनी ताट निम्मं केलं. पाड्यावरच्या पोरांनी मात्र हात मागे घेतले.

‘‘आमच्या वाडीची काकडी यांना चालत नाय वाटतं,’’ गोदा फुरंगटून म्हणाली.

मास्तरांचं डोकं फिरलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनीच त्यावर पाणी ओतावं? त्यांनी रघ्याची हनुवटी धरली आणि फोड तोंडात कोंबली. रघ्यानं ती गिळली. रडला नाही. उठला आणि सरळ पाड्याची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दाराकडची बाजू रिकामी. नंतरही तेच. पाड्यावरची पोरं गेली म्हणजे निम्मा पट गेला. निम्म्या पटाची शाळा दरबार उचलून दुसऱ्या गावाला देणार, हे सांगायला काही ज्योतिषी नको होता. पण मास्तरांना झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणानं. रघ्याचं ते न रडणं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवटी त्यांनी जिवाला विचारलं. जिवा सहज बोलून गेला, ‘‘त्यांचं नवं झालं नाय अजून, गुरुजी. देवाला दिल्याबिगर नवं पीक ते तोंडात घालत नायत.’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललास?’’

‘‘तुमी इचारलं कुठं?’’

मास्तर त्याच पावली पाड्यावर गेले. रघ्याची आई हिरी ओट्यावर नाचणी दळत होती. तिनं जातं थांबवलं नाही.

‘‘आलास? भगत बोलला, देव कोपला. आता पोराला शेतात पाय टाकू देत नाय कोणी.’’

‘‘चुकलं माझं, बाई. भगताला काय लागतं ते मी आणतो.’’

‘‘भगताचा आमी बघू. तू पोराचा बघ. दुसऱ्याचा हिसकायचा नाय, असा तूच शिकवतंस ना? मंग दुसऱ्याच्या तोंडात कोंबायचा, हा कसला धडा?’’

वारल्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, लहानथोर सगळे तू. तो ‘तू’ मास्तरांना टोचला नाही. प्रश्न मात्र आरपार गेला. त्यांनी अंगणातच दोन्ही कान धरले.

शाळेत त्यांनीच एक नेम घालून दिला होता. ज्यानं दुसऱ्याला दुखवलं, त्यानं त्याच्यासमोर कान धरून उभं राहायचं, आणि दुखावलेला ‘पुरे’ म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. मास्तरांनाही मधे पडायची मुभा नव्हती.

कुडाच्या भिंतीआडून रघ्या बाहेर आला.

‘‘इथं नाय,’’ तो म्हणाला. ‘‘शाळंत घातलास, शाळंत धर.’’

‘‘रघ्या!’’ हिरीनं दटावलं.

‘‘बरोबर बोलला तो,’’ मास्तर म्हणाले. ‘‘उद्या ये रे. सगळ्यांना घेऊन ये.’’

परतताना ते विचार करत होते. अंगणात कान धरणं वेगळं आणि भरल्या शाळेत वेगळं. पाटील जव्हारला तक्रार करणार, कदाचित नोकरीच जाणार. जाऊ दे, त्यांनी ठरवलं. कान धरले नाहीत तर उद्यापासून शिकवायचं तरी कुठल्या तोंडानं?

सकाळी पाड्यावरची पोरं आली आणि दाराशी दाटीवाटीनं बसली. मास्तर रघ्यासमोर उभे राहिले. ‘‘याला न विचारता मी याच्या तोंडात घास कोंबला. मी चुकलो,’’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि कान धरले.

रघ्या काही बोलेना. सूड उगवत होता असं नाही. एवढ्या डोळ्यांपुढे बोलायची त्याला सवयच नव्हती. मास्तरांचे हात भरून आले. तेवढ्यात दारात पाटील येऊन उभे राहिले.

‘‘मास्तर, हात खाली घ्या! शोभतं का हे?’’

‘‘रघ्यानं ‘पुरे’ म्हणायला हवं, पाटील. शाळेचा नेम आहे.’’

‘‘आणि मी गोदाला घरी नेली तर?’’

‘‘तरी रघ्यानंच म्हणायला हवं.’’

पाटील रघ्याकडे वळले. ‘‘ए कार्ट्या, म्हण की!’’

उघडू पाहणारं रघ्याचं तोंड पुन्हा गच्च मिटलं.

गोदा जागेवरून उठली. ‘‘आबा, असं नाय. नीट सांगायचं.’’

पाटलांनी लेकीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या लटपटत्या हातांकडे. हा माणूस पडेल पण कान सोडणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी घसा खाकरला.

‘‘रघ्या,’’ ते म्हणाले. पाड्यावरच्या पोराला आजवर त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. ‘‘म्हण बाबा आता. दमले ते.’’

‘‘पुरे,’’ रघ्या म्हणाला.

पाटील निघून गेले. गोदा त्यांच्यामागे गेली नाही, आपल्या जागी परत बसली. मास्तर फळ्याकडे गेले. बोटं बधिर झाली होती, खडू दोनदा हातातून पडला. तिसऱ्यांदा उचलून त्यांनी धडा लिहायला घेतला. अक्षरं पार वाकडी आली, आणि पोरं ती तशीच्या तशी पाटीवर उतरवत राहिली.