कार्बाइनचा साज

"आपल्या मुलीलासुद्धा लग्नात एवढं नटवलं नव्हतं आपण," आर्लीन म्हणाली.

डेलमार होस्टेटरने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरून त्याने आपली कार्बाइन आडवी घातली होती आणि इवल्याशा पान्याने तो तिच्या पाठीवर एक काळा ठोकळा आवळत होता. ठोकळ्यावर दुर्बीण बसायची होती. दुर्बीण कसली, लाल ठिपका दाखवणारी काच. ती आधी खाली, नळीला चिकटून होती. पण तिच्यातून बघायचं तर मान मोडून गाल बंदुकीला टेकवावा लागे आणि डेलमारची मान तर बरीच वर्षं वाकायला तयार नव्हती. म्हणून हा ठोकळा. आता ठिपका डोळ्यासमोर येणार, मान ताठ राहणार.

"मानेचं दुखणं आहे म्हणून घेतला," तो म्हणाला.

"मानेसाठी उशी मिळते."

कार्बाइन म्हणजे दिसायला बंदूक, पण पोटात पिस्तुलाची गोळी. डेलमारकडे कपाटात जुनं पिस्तूल होतं. ते हातात धरलं की हात थरथरायचा. दुकानदार रस्टीने त्याला समजावलं होतं की गोळ्या त्याच, मॅगझीनही तेच, फक्त धरायला दोन हात आणि टेकायला खांदा. धक्का म्हणाल तर मांजर अंग घासून गेल्यासारखा. डेलमारने घेतली. मग ठिपक्याची काच घेतली. मग नळीखाली लावायचा टॉर्च. मग मऊ दस्ता. मागच्या महिन्यात रस्टीने घोड्याची कळ हलकी करून दिली आणि बोट न लावताच कौतुकाने म्हणाला, "आता नुसता विचार करा, काम झालंच."

या सगळ्या सजावटीत एक काम राहून गेलं होतं. गॅरेजच्या बाजूच्या दाराशी दिव्याचं बटण नव्हतं. ते होतं पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या पायरीपाशी. हे घर घेतलं तेव्हापासून आर्लीन म्हणत होती की एक बटण त्या दाराशी लाव, अंधारात कधीतरी पाय मोडेल माझा. डेलमार दर उन्हाळ्यात हो म्हणायचा.

वॉलनट फोर्क गावात डेलमार हा कोणी नावाजलेला माणूस नव्हता, पण त्याला ओळखत नाही असं कुत्रंही नव्हतं. आयुष्यभर त्याने पाण्याचे मीटर वाचले. कोणाच्या तळघरात, कोणाच्या परसात, कोणाच्या लाकडाच्या ढिगामागे. अंगणाच्या कोपऱ्यावर उभं राहून तो आधी हाक मारायचा, "पाणीवाला आलोय." आतून ओ येईपर्यंत पाऊल टाकायचा नाही. हाक न मारता जो दुसऱ्याच्या अंगणात शिरतो तो एक तर चोर असतो किंवा जावई, असं त्याचं मत होतं. ओहायोतल्या त्या भागात बहुतेक घरांत बंदूक असते आणि बहुतेक घरांत चिडका म्हाताराही असतो. पण डेलमारवर कोणी कधी डोळे वटारले नाहीत. त्या काळात तो भीत असे तो फक्त बदकांना.

मग मीटर बदलले. आता एक गाडी रस्त्यावरून जाते आणि घराघरातलं पाणी हवेतल्या हवेत मोजून नेते. डेलमार निवृत्त झाला, आणि गावातली परसं एकाएकी निर्मनुष्य झाली. परक्याच्या अंगणात शिरायला कोणाला कारणच उरलं नाही. त्यामुळे जो कोणी दिसेल तो विनाकारण आलेला असणार, हे उघड होतं.

त्यातून ट्वायला बेक. समोरच्या वळणावर राहणारी ही बाई नवऱ्यामागे एकटी होती आणि तिने दारावर कॅमेरा बसवला होता. कॅमेऱ्यात जे दिसेल ते ती फोनवरच्या वस्तीच्या ग्रुपवर टाकायची. ऑक्टोबरात वस्तीतल्या लडविगच्या शेडमधून लाकूड कापायची करवत गेली, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी कुलपं मोजली. करवत नंतर लडविगच्या पुतण्याकडे सापडली. ही बातमी मात्र ग्रुपवर कोणी टाकली नाही, आणि डेलमारची भीती करवतीबरोबर परत गेली नाही. ती घरात राहिली. जेवताना तो दाराकडे तोंड करून बसू लागला. नळ ठिबकला तरी चमचा खाली ठेवून ऐकायचा. आर्लीनला वाटलं, याची पाठ दाराकडे होईल असं काहीतरी करायला हवं, म्हणून तिने टेबल फिरवलं. त्याने खुर्ची फिरवली.

दर गुरुवारी खाणीमागच्या मैदानावर गावच्या नेमबाजी मंडळाची माणसं जमत. मैदानाची व्यवस्था कोरीन नावाची बाई बघायची, आधी पोस्टात होती. आडोशाआडून नेम धरायचा सराव व्हावा म्हणून तिथे एक जाडजूड फळी उभी केली होती, आणि फळीला भोकं होती. प्रत्येक भोकाशेजारी एक नाव. ज्याची गोळी निशाणाऐवजी फळीत घुसेल त्याने भोकाजवळ सही करायची आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांना डोनट आणायचे, असा रिवाज होता. त्या फळीवर गावचा निम्मा इतिहास होता. पाद्रीसाहेबांची सही दोनदा होती.

नवा ठोकळा बघून कोरीन म्हणाली, "अहो डेलमार, तुमचा डोळा आता दुमजली झाला. तुम्ही बघणार वरच्या मजल्यावरून, गोळी निघणार तळमजल्यावरून. जवळ काही आडवं असलं तर डोळा त्याच्यावरून जाईल. गोळी नाही जाणार."

डेलमारने चर्चमध्ये मान डोलवतात तशी डोलवली. मग लांबच्या कागदावर गोळ्या झाडल्या. त्या नेमक्या लागल्या, म्हणून तो खूश झाला. फळीशी तो गेलाच नाही. डोनट महाग झाले होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी चर्चमध्ये म्हाताऱ्या एल्मर क्लाइनचा अंत्यविधी होता आणि नंतर जेवण. अशा जेवणाला प्रत्येक घरातून एक भांडं जातं. आर्लीनकडे बटाटा आणि हॅमचं भांडं ठरलेलं होतं. गावात कोणाला शेवटची घरघर लागली की आधी डॉक्टरला कळतं आणि मग आर्लीनच्या ओव्हनला, असं म्हणत. ती सकाळी मदतीला लवकर निघाली. डेलमारला सर्दी होती, तो घरीच राहिला. बर्फ पडत होतं. आभाळ भांड्याच्या बुडासारखं काळवंडलं होतं.

तो सूप पीत असताना फोन वाजला. ट्वायलाने फोटो टाकला होता. बर्फाने भरलेला रस्ता, आणि त्यावर पाठमोरं कोणीतरी, काळं टोपीवालं जाकीट, डोकं खाली. खाली लिहिलं होतं: अनोळखी माणूस, पायी, होस्टेटरांच्या घराकडे वळलाय. डेलमार, घरी आहेस का?

डेलमार उत्तर लिहायला गेला. बोटांना अक्षरं सापडेनात. त्याला आधी हसू आलं, कारण एवढे महिने तो याचीच वाट बघत होता. मग त्याने कपाटातून कार्बाइन काढली. टॉर्चची बॅटरी टोस्टरशेजारी चार्जिंगला लावलेली होती, हे त्याला दिसलं आणि तरी दिसलं नाही.

गॅरेजचं बाजूचं दार उघडलं.

गाडीचा आवाज आला नव्हता. हाकही आली नव्हती. बूट आपटल्याचा आवाज आला, मग काहीतरी घासलं, मग जुन्या फ्रीजचं दार उघडल्याची ती ओळखीची किरकिर. फ्रीजमधला दिवा कधीच गेला होता. चोर फ्रीजपाशी कशाला जाईल, हा प्रश्न एखाद्या शांत माणसाला पडला असता. डेलमार गुडघ्यांवर सरकत पायरीपर्यंत गेला. दिव्याचं बटण त्याच्या डोक्यावर वीतभर होतं. हात वर करायचा म्हणजे एक हात कार्बाइनवरून काढायचा, आणि तो हात निघेना. पायरीला लागून वरून झाकण उघडणारा आडवा लांबलचक फ्रीजर होता. त्याच्याआड त्याने अंग लपवलं आणि काचेतून पाहिलं. मान ताठ. ठिपका स्वच्छ.

टोकाला, दारातून आलेल्या अंधुक उजेडात, काळं जाकीट उभं होतं. पाठमोरं, डोक्यावर टोपी. लाल ठिपका पाठीच्या मधोमध बसला आणि डेलमारच्या श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागला. त्याला ओरडायचं होतं, कोण आहे. घशातून नुसती हवा आली. तेवढ्यात जाकीट वळलं, दोन्ही हातांत काहीतरी धरून, आणि त्याच्या रोखाने एक पाऊल पुढे आलं.

डेलमारने विचार केला, आणि काम झालं.

आवाजाने गॅरेज फुटल्यासारखं झालं. फ्रीजरच्या झाकणाची कड उडाली आणि त्याच्या तोंडावर बर्फाचा चुरा आला. मग कानात नुसती शिट्टी. त्या शिट्टीच्या पलीकडून, फार लांबून, कोणीतरी बोलत होतं.

"डेलमार, मी आहे."

तो हलला नाही. बहुधा तिला वाटलं याला ऐकू गेलं नाही, म्हणून ती पुन्हा तितक्याच हळू म्हणाली, "डेलमार. मी आहे."

त्याने बटण दाबलं. आर्लीन उभी होती. गाडीत पडून असलेलं त्याचं जुनं जाकीट तिने अंत्यविधीच्या कपड्यांवर घातलं होतं, आणि तिच्या हातात बटाट्याचं भांडं होतं. ते तिने खाली पडू दिलं नव्हतं. नंतर तिने सांगितलं ते एवढंच, की ती भांडं विसरून गेली होती, चढावर गाडी घसरायला लागली म्हणून खाली पत्रपेटीपाशी ठेवून चालत आली, आणि बुटांना बर्फ होतं म्हणून या दाराने. हे सगळं तिने भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं.

गोळी झाकणाच्या कडेतून फ्रीजरमध्ये शिरली होती आणि नाताळात उरलेल्या टर्कीच्या छातीत रुतली होती. डोळा झाकणावरून गेला होता. नळी झाकणाखाली राहिली होती.

"तिकडे लोक जेवायला बसले असतील," आर्लीन म्हणाली.

तो म्हणाला, मी सोडतो. ती म्हणाली, नको, तू बस. भांडं छातीशी धरून ती चढ उतरत गेली. ट्वायलाच्या कॅमेऱ्याने तिचा पुन्हा फोटो काढला असणार.

पुढच्या गुरुवारी डेलमार मैदानावर गेला आणि टेबलावर डोनटचा खोका ठेवला. सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. फळीला नवं भोक नव्हतं. एरवी हे मंडळ कोणाची टर उडवायला भोकाची वाट बघत नाही. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. कोरीनने एक डोनट उचलला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि साखर लागली म्हणून खांदा झटकला.

कार्बाइन रस्टीने परत घेतली, साजासकट. टर्की आर्लीनने कचऱ्यात टाकली. झाकणाच्या भोकावर तिने नातीने पाठवलेलं कासवाचं मॅग्नेट लावलं. डेलमारने शनिवार-रविवार खपून बाजूच्या दाराशी दिव्याचं बटण बसवलं. तिने ते दाबून पाहिलं, चांगलं झालं म्हणाली.

आता मार्च लागलाय. डेलमार टेबलाशी बसतो, खुर्ची आपोआप दाराकडे वळते. खाली गाडी थांबल्याचं ऐकू येतं. बाजूचं दार उघडतं, दिवा लागतो, दाराखालच्या फटीतून उजेड स्वयंपाकघरात येतो. मग पायरीपाशी बूट थांबतात.

"डेलमार, मी आहे."

आणि ती थांबते. स्वतःच्या घराच्या दाराबाहेर, पिशव्या हातात घेऊन, आतून ओ येईपर्यंत.

"ये," डेलमार म्हणतो.