कायद्यात न बसणारा दिवा

जपानातल्या आमच्या नगरपालिकेच्या तक्रार-अर्जावर प्रदूषणाचे सात रकाने आहेत: हवा, पाणी, माती, आवाज, कंप, जमीन खचणं आणि दुर्गंधी. कायद्यात सातच आहेत. आठवा रकाना 'इतर'चा. त्यात खूण केली की अर्ज कपाटात जातो आणि तिथे सुखाने राहतो.

जुलैत नुमाजिरी नावाचे शेतकरी आजोबा आले. शेजारी नवं पार्किंग झालं होतं आणि तिथला दिवा रात्रभर त्यांच्या शेतावर पडत होता.

"बाई, भाताला रात्र कळली नाही तर ते निसवत नाही, लोंबी धरत नाही. बांधाकडच्या वीस ओळी बियाण्याच्या आहेत. वडिलांपासूनचं वाण आहे ते."

त्यांचं शास्त्र बरोबर होतं. अर्ज मात्र चूक होता.

"उजेड यादीत नाही," आमचे विभागप्रमुख इकेगामी म्हणाले. "दिवा आवाज करतो का?"

"नाही," आजोबा म्हणाले.

"हादरतो?"

"साहेब, दिवा आहे तो, भूकंप नव्हे."

"थोडा तरी वास?"

आजोबा विचारात पडले. "खाली किडे मरून पडतात. ते सडतात खरं."

"मग असं बोला की! दुर्गंधी!"

यंत्रणा हलली. कुंपणाजवळची हवा मी पिशवीत भरून आणली. नियमाप्रमाणे सहा जणांनी प्रत्येकी तीन पिशव्या हुंगल्या, दोन स्वच्छ हवेच्या नि एक वासाची, आणि वासाची कोणती ते ओळखलं. वासाचा आकडा मर्यादेच्या वर निघाला. पार्किंगच्या मालकाला नोटीस गेली. मालक भला माणूस. रोज सकाळी किडे झाडू लागला, दिव्याची काचही पुसू लागला. फेरतपासणीत वास शून्य. उजेड पहिल्यापेक्षा लख्ख.

"मिझुनो-सान, तक्रार निवारण झाली अशी नोंद करा," इकेगामी मला म्हणाले.

"आणि भात?"

"भाताने अर्ज केलाय का?"

मी नोंद केली.

सप्टेंबरअखेर आम्ही पाहणीला गेलो. सगळीकडे भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं. नुमाजिरींच्या वीस ओळींत एक लोंबी नव्हती.

"बियाणं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षीचं मूठभर उरलंय. उगवलं तर उगवलं." आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

इकेगामींनी फोटो काढला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच छापलाय: पिवळ्या शेतांमध्ये एकच पट्टा हिरवागार. खाली ओळ आहे, 'दुर्गंधीमुक्त परिसर'.