उभ्या बगळ्याचा बाजूबंद

मी एक बाजूबंद बोलतोय, आणि तोही राणीचा. कुठल्या राणीचा असं विचाराल तर पंचाईत होईल, कारण ती राणी कधी जन्मलीच नाही. बर्फाच्या देशातली, सात किल्ल्यांची ही मालकीण पडद्यावरच्या एका लांबलचक मालिकेत राज्य करते. तिच्या दंडावरचा मूळ बाजूबंदही म्हणे पुठ्ठ्याचा होता. मी त्याची नक्कल, पण ऐरीगैरी नाही. माझ्या डबीत एक जाड कागद आहे. ही नक्कल अस्सल असून पाचशेंपैकी दोनशे बारावी आहे, असं त्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय.

चीनमधल्या एका कारखान्यात जस्ताच्या रसातून माझा जन्म झाला. वर सोन्याचं पाणी दिलं, तेही हात आखडूनच. वरच्या कडेला सात टोकं, मधोमध एका पायावर उभा असलेला बगळा. मागून मी उघडा आहे, त्यामुळे जरा दाबलं की कुठल्याही दंडावर बसतो. मला घासून चकचकीत करणाऱ्या बाईने त्या बगळ्याकडे धड पाहिलंही नाही. तिला संध्याकाळपर्यंत असे ऐंशी बगळे उरकायचे होते.

तिथून मी आलो अमिरातीतल्या फुजैराला, टेसाच्या घरी. टेसा सोळा वर्षांची. तिच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आमचा दरबार भरायचा. फितूर सरदाराची अंगठी, कैद्याच्या गळ्यातली किल्ली, चंद्रकोरीची पिन, सगळे तिथे होते. एकालाही खऱ्या फितुरीची किंवा कैदेची झळ लागलेली नव्हती, पण रुबाब बघावा. दर शुक्रवारी टेसा आम्हाला मऊ फडक्याने पुसायची. तिच्या मम्माने, ब्रिजिटने, माझी किंमत ऐकली तेव्हा ती मटकन खाली बसली होती. "तीनशे चाळीस दिरहम! अगं, जवळजवळ आठ हजार रुपये झाले!"

पण किंमत कळली म्हणून अर्थ कळतो असं थोडंच आहे? बगळा पाण्यात उभा राहतो, बसत नाही. म्हणून राणीची माणसं कुणापुढे गुडघे टेकत नाहीत. माझे चाहते दंडावर हात ठेवून "आय स्टँड" म्हणतात आणि खरंच त्यांचे डोळे भरून येतात. एकतीस ऑक्टोबरला दुबईत अशा सगळ्या चाहत्यांचा मेळावा होता. तिथे टेसा मला दंडावर घालून सगळ्यांसमोर शपथ घेणार होती. मम्माच्या जुन्या पडद्याचा झगा शिवायला तिने सहा महिने घालवले होते.

नेमका ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. इथली वसईची आणि मुंबईची कॅथलिक कुटुंबं मिळून मारियामातेची दोन फुटी मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरी नेतात. संध्याकाळी त्या घरी सगळे जमतात, गुडघे टेकून माळ जपतात आणि मग समोसे खातात. समोसे कसे होते ही चर्चा दुसऱ्या दिवशीच्या घरापर्यंत पुरते.

तीन तारखेला ब्रिजिटची पाळी होती. मूर्ती मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. नवरा कॅस्मिर ऑइल टर्मिनलवर कामाला. त्याने स्पीड ब्रेकर न बघता गाडी उडवली, मूर्तीचा मण्यांचा मुकुट घरंगळून खाली पडला आणि उतरताना ब्रिजिटचा पाय नेमका त्याच्यावर. कचकन आवाज झाला. मारियामातेचा मुकुट तिने स्वतःच्या चपलेखाली चिरडला होता.

"खलास! रडतेस काय? वसईहून दुसरा मागवू," कॅस्मिर म्हणाला.

"आणि आज काय करू? तीस माणसं येतायत!"

घरात शिरताच तिची नजर टेसाच्या फळीवर गेली.

"मम्मा, नो! दॅट्स अ लिमिटेड एडिशन!"

"आजच्या दिवस गं. उद्या देते."

"मम्मा, लिसन! इट मीन्स आय डोंट नील!"

"हो हो, किती सुंदर आहे," म्हणत ब्रिजिटने मला मूर्तीच्या डोक्यावर बसवलंसुद्धा. मी असा चपखल बसलो की माझा मलाच राग आला. त्या संध्याकाळी तीस माणसं माझ्यासमोर गुडघ्यांवर आली. राणीच्या सातही किल्ल्यांत जे कधी घडलं नव्हतं ते फुजैरात तिसऱ्या मजल्यावर घडलं.

दुसऱ्या दिवशी मी काही परतलो नाही, कारण बायकांनी माझं फारच कौतुक केलं. "सोन्याचा ना गं?" एकीने विचारलं. ब्रिजिट नुसती गोड हसली. "सगळी मातेची कृपा," एवढंच म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. कॅस्मिरला ओव्हरटाइम चांगला मिळतो अशी बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. आता मला काढायचं तर बिंग फुटणार. तिने गुपचूप वसईच्या सोनाराला नवा मुकुट करायला सांगितला, आणि तोपर्यंत मी घरोघर फिरलो. कुणी म्हणालं, हे पवित्र आत्म्याचं कबुतर. एका पोराने "इज इट अ फ्लेमिंगो?" असं विचारून आईचा चिमटा खाल्ला.

कधीही रोझरीला न येणारी टेसा आता रोज येऊ लागली. कुणी आंटी मला लिक्विड साबणाने घासत नाही ना, हे बघायला. ब्रिजिट सगळ्यांना सांगत सुटली, की पोरीत काय बदल झालाय बघा. पण सगळे गुडघे टेकायचे तेव्हा टेसा मागे दाराशी ताठ उभी. ब्रिजिटला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी ती घरी बरसली. "सगळे टेकतात आणि तू खांबासारखी उभी! एकदा तरी टेक, तरच तो बाजूबंद मिळेल. नाहीतर दुबईच्या तमाशाला तो यायचा नाही!"

टेसाचा चेहरा पडला. मला मिळवायचं तर गुडघे टेकायचे, आणि टेकले की मला घालण्यात अर्थच उरत नाही. सगळ्या मालिकेत राणीवर असा प्रसंग आला नव्हता.

मागे दाराशी आणखी एक माणूस उभा असायचा, अँड्र्यू. हॉटेलात स्वयंपाकी, साठीला आलेला, नोकरी संपवून दोन नोव्हेंबरला कायमचा वसईला निघालेला. वीस तारखेला समोसा हातात घेऊन तो ब्रिजिटकडे आला. टेसा शेजारीच होती.

"ब्रिजिट, पोरीला वळण चांगलं लावलंस. एकतीस वर्षं किचनमध्ये उभा राहून माझे गुडघे गेले. मला टेकता येत नाही. सगळे खाली जातात तेव्हा मी एकटाच उभा दिसतो, फार लाज वाटते गं. ही पोर रोज माझ्याशेजारी उभी राहते. एका शब्दाने बोलली नाही, पण मला कळतं."

टेसा कानापर्यंत लाल झाली. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघींनीही सांगितलं नाही. टेक म्हणून ब्रिजिटने त्यानंतर एकदाही म्हटलं नाही. एकोणतीस तारखेला नवा मुकुट आला तेव्हा तिने मला टिश्यूत गुंडाळून टेसाच्या उशाशी ठेवलं.

एकतीस तारखेला टेसा झगा घालून, मला दंडावर चढवून गाडीत बसली. त्याच संध्याकाळी महिन्यातली शेवटची रोझरी अँड्र्यूच्या खोलीवर होती. ब्रिजिट तिकडे आधीच गेली होती. दुबईच्या रस्त्याला लागताना टेसा म्हणाली, "डॅडी, अंकल विल बी स्टँडिंग अलोन."

"मग?"

तिने माझ्यावर हात ठेवला. "टर्न अराउंड. यल्ला, चल ना डॅडी, प्लीज."

ती खोलीत शिरली तेव्हा जपमाळा थांबल्या. ब्रिजिटने आधी पोरीला आणि मग आपला पडदा ओळखला. सगळे गुडघ्यांवर होते. टेसा भिंतीच्या कडेने मागे गेली आणि अँड्र्यूशेजारी उभी राहिली.

"अरे, बगळा!" तो पुटपुटला. "कबुतर नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आमच्या मिठागरात असेच उभे असतात."

प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, "अंकल, आय हॅव टू टेल यू. मी तुमच्यासाठी नव्हते उभी. इट वॉज फॉर धिस. एका शोसाठी."

अँड्र्यू हसला. "असू दे गं बाय. पण शेजारी तर होतीस ना?"

"टुडे आय केम फॉर यू," ती म्हणाली आणि रडू लागली. मग तिने मला काढून त्याच्या दंडावर चढवलं. मी जरा दाबला गेलो, पण बसलो.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने मला उलटंसुलटं केलं, नखाने खरवडलं आणि म्हणाला, "खोटा आहे. जाऊ द्या." आयुष्यात प्रथमच खोटं असण्याचा मला फायदा झाला.

आता मी वसईत असतो. रविवारी अँड्र्यू मला लांब बाहीच्या शर्टाखाली घालून चर्चमध्ये, इथल्या भाषेत देवळात, मिस्साच्या प्रार्थनेला नेतो. सोन्याचं पाणी उडत चाललंय, खालचं जस्त दिसू लागलंय. टेसा, माझं प्रमाणपत्र तुझ्याच ड्रॉवरमध्ये राहिलंय. त्याच्यावाचून बाजारात मला कुणी हिंग लावून विचारणार नाही. राहू दे तिथेच, मला आता लागत नाही.

गेल्या रविवारी सगळे गुडघ्यांवर गेले तेव्हा अँड्र्यूने सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्याने शर्टावरून मला चाचपलं आणि ताठ उभा राहिला. सुट्टीत वसईला आलीस तर देवळाच्या मागच्या दाराने ये. त्याच्या डावीकडची जागा रिकामी आहे.