टाकीचं वळण

पाण्याच्या टाकीच्या वळणावर त्या सकाळी ट्रकवाल्याने जो भोंगा वाजवला, तो मशीनवाल्यांच्या कानातून दिवसभर काही गेला नाही. वेग बेताचा, रस्ता कोरडा, हेल्मेटची काच लख्ख. सगळं कसं जिथल्या तिथे. आणि तरी डावीकडे वळता वळता मोटारसायकल मधल्या पांढऱ्या रेघेकडे ओढ घेऊ लागली, जणू कुणी तिचा कान धरून पलीकडे नेतंय. चाक रेघेपलीकडे गेलंच. समोरून ट्रक. मशीनवाल्यांनी जीव खाऊन गाडी आत ओढली आणि ट्रक अंगाला वारा घालत निघून गेला.

पुढे जागा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली.

"आलं का हो दुकान?" मागून बायकोने विचारलं.

"नाही. हे टाकीचं वळण."

"टाकी टाकी म्हणता, मला तर मेली एकदाही दिसली नाही."

आपल्याला हसवायला बोलतेय, असं त्यांना वाटलं. ते कसंनुसं हसले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

शिंपीणबाईंच्या दुकानात मशीन उघडून बसले. पण दोरा सुईच्या भोकाच्या आसपास नुसता घिरट्या घालत होता.

"काका, आज सुईने तुम्हाला ओळख दाखवायची नाही असं ठरवलंय वाटतं!" शिंपीणबाई म्हणाल्या.

बायकोने त्यांच्या हातातून दोरा घेतला, ओवला आणि पुन्हा शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव हिंडायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. म्हणून सगळे त्यांना मशीनवालेच म्हणत. इतकी वर्षं रस्त्यावर काढली, पण गाडी कधी आडवी झाली नव्हती, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान. रोज सकाळी टायरची हवा बघायची, साखळीला तेल, ब्रेक दाबून बघायचा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला. कुणी हेल्मेट कोपरात अडकवून चाललेला दिसला की थांबवून विचारायचे, "डोकं कुठे ठेवलंय? कोपरात?"

मागच्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांदा लग्न केलं. दोघांचेही जोडीदार देवाघरी गेलेले, दोघांचीही मुलं आपापल्या संसारात. लग्नात त्यांनी बायकोला पहिली वस्तू दिली ती हेल्मेट. मित्रांनी टर उडवली. "अरे, बायकोला दागिना द्यायचा सोडून डोक्यावर पातेलं काय घालतोस!" तिने मात्र ते घालून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो. आत देवघरासारखं शांत वाटतं."

ती नावाड्याची लेक. नदीच्या पाण्यावर वाढलेली. घरात कमी बोलायची. पहाटे उठून आपलं नामस्मरण करायची, तेही शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतकं हळू. पण मोटारसायकलवर बसली की तिला कंठ फुटायचा. रस्त्यातल्या गाई, कुणाच्या अंगणातलं वाळवण, माहेरची नाव, सगळं त्यांच्या खांद्यावरून कानात यायचं. इतकी वर्षं एकट्याने कापलेले तेच रस्ते त्यांना आता छोटे वाटू लागले होते. फक्त वळण आलं की ती गप्प व्हायची. मग तिची बोटं त्यांचं जाकीट घट्ट धरायची आणि हेल्मेटच्या आतून देवाचं नाव पुटपुटल्याचा आवाज यायचा.

आणि गेलं वर्षभर वळणावरच गाडी थोडी ओढ घेत होती, आता तर दगाच द्यायला लागली होती.

गॅरेजवाल्याने चाक उचलून फिरवलं, टायर दाबले, गाडीवर बसून वरखाली हिंदकळून बघितलं. "काका, गाडी ठणठणीत आहे. आता चालवणाऱ्याला स्टँडवर लावून बघायचं का?"

मशीनवाले हसले, पण ते लागलं. संध्याकाळी ते एकटेच टाकीच्या वळणावर गेले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली. परत फिरून पुन्हा गेले. तरी तसंच. म्हणजे गाडी बरी, डोळे बरे. मग?

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता दिसला की गिऱ्हाईक खालच्या बॉबिनला शिव्या घालतं. मशीनवाले सगळ्यांना सांगायचे, "बाई, गुंता खाली दिसतो, पण दोष वरच्या दोऱ्यात असतो." हे दुसऱ्यांना सांगणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र थेट बॉबिनलाच हात घालून मोकळा झाला. त्यांनी ठरवून टाकलं: ती मागे असली की माझा हात घाबरतो. म्हातारपण आलं. आता तिला बसवायचं नाही.

जेवताना त्यांनी विषय काढला. "उद्यापासून तू घरीच थांबत जा."

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी जड झाले का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"हात पूर्वीचा राहिला नाही माझा. एकटा पडलो तर पडलो. तुला घेऊन पडायचं नाही मला."

"एकटे पडलात तर मला सांगायला कोण येणार? तो ट्रकवाला?"

तिने ताटातला घास नुसता फिरवला. मग म्हणाली, "बरं. उद्या एकदा मला भावाकडे तेवढं सोडा. पुढे तुमची गाडी, तुमचं राज्य."

दुसऱ्या दिवशी ते नदीपर्यंत इतक्या हळू गेले की एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला आणि वर मागे वळून हसला. एरवी बायकोने त्यावर काहीतरी टिप्पणी केली असती. आज वळण असो नसो, मागे चिडीचूप.

तिच्या भावाचं घर पलीकडच्या काठावर. तो छोटी नाव घेऊन आला होता. मशीनवाल्यांना पोहता येत नव्हतं. ते हेल्मेट न काढताच नावेत उतरले.

"भावोजी, नावेत कसलं हेल्मेट? आमच्याकडचे मासे दगड नाही मारत!"

"असू दे," मशीनवाले म्हणाले. "सवय आहे."

नाव मध्यावर आली असेल नसेल, तोच शेजारून वाळूवाल्यांची मोठी बोट धडधडत गेली आणि तिच्या लाटेने छोटी नाव डावीकडे कलंडली. मशीनवाल्यांच्या अंगात जे मुरलेलं होतं तेच अंगाने केलं. नाव डावीकडे झुकली, तसे तेही तिच्याबरोबर डावीकडे झुकले. नावेचा काठ पाण्याला टेकला आणि पाणी भसकन आत आलं.

"तिकडे काय चाललात!" बायको ओरडली. एका हाताने तिने त्यांची कॉलर धरली आणि सगळं अंग उजवीकडे टाकलं. ते तिच्या शेजारी येऊन आदळले. नाव डुचमळली, मग सावरली.

"बुडवता की काय आम्हाला! एक बाजू खाली गेली की आपण दुसरीकडे सरकायचं, एवढं लहान पोराला कळतं!"

भाऊ वल्ही धरून हसत सुटला. "भावोजी, झुकलेल्या नावेबरोबर झुकायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मोटारसायकलने," मशीनवाले धापा टाकत म्हणाले. "वळणावर ती झुकली की तिच्याबरोबर झुकायचं. नाहीतर ती वळत नाही, बाहेर जाते."

बायको डब्याने पाणी उपसत होती. तिचा हात थांबला.

"बाहेर म्हणजे? त्या रेघेपलीकडे?"

"हो."

"आणि मागे बसलेल्याने?"

"त्यानेही झुकायचं. दोघं एक होऊन..." बोलता बोलता मशीनवाल्यांनी तिच्याकडे बघितलं.

तिने डबा मांडीवर ठेवला. "अहो, तुम्ही डावीकडे झुकलात की मी उजवीकडे सावरते. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, हे एकटे बिचारे किती तोल सांभाळतील?"

मशीनवाले असे हसले, असे हसले की भाऊ ओरडला, "भावोजी, हलू नका!" पट्ट्यात दोन बोटं घालून बघणारा माणूस, फूटरेस्टवर पाय कसे ठेवायचे तेही तिला शिकवलेलं, आणि मागे बसणाऱ्याने झुकायचं कसं हे सांगायचंच राहून गेलं होतं. ते काय सांगायचं, अंगाला कळतंच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तिच्या अंगाला नदी कळत होती.

तिला मात्र हसू येईना. डोळे भरून आले. "म्हणजे त्या दिवशी ट्रकपुढे तुम्हाला मीच ढकललं."

"तू मला सावरत होतीस."

"बुडवत होते म्हणा."

"आत्ता मी तुला बुडवत होतो. झाली बरोबरी."

पुढच्या रविवारी गावातल्या शाळेला सुट्टी होती. मागच्या रिकाम्या मैदानात मशीनवाल्यांनी विटा मांडून वळणं केली आणि दोघं गाडीवर बसली.

"माझ्या खांद्यावरून बघायचं. डावं वळण, डावा खांदा. उजवं वळण, उजवा. बाकी काही करू नकोस. नजर गेली की अंग आपसूक जातं."

पहिल्या फेरीत गाडी विटांवरून गेली. दुसऱ्या फेरीतही.

"अगं, बघतेस ना?"

मागून पुटपुटणं ऐकू आलं. मशीनवाल्यांनी गाडी थांबवली आणि मान वळवली. तिने डोळे गच्च मिटले होते.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. डोळे उघडे ठेवून माझं नाम लागत नाही."

"देवाला चालेल. मला नाही चालत."

ती विचारात पडली. तिच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. शेवटी म्हणाली, "मग मी बसण्याआधी म्हणत जाईन, पुरतं. तेवढं थांबायचं तुम्ही. गाडी चालू करून घुर्र घुर्र करायचं नाही."

"थांबेन."

त्या दिवसापासून सकाळी मशीनवाले हवा बघून, साखळी बघून, अवजारांची पिशवी बांधून गाडीपाशी उभे राहायचे. ती हेल्मेट छातीशी धरून, डोळे मिटून आपलं म्हणायची. मग पट्टा लावून, दोन बोटं घालून बघायची आणि बसायची.

टाकीच्या वळणाकडे पुन्हा निघाले, तेव्हा मशीनवाल्यांनीच विचारलं, "हळू घेऊ का?"

"नेहमीसारखी घ्या. उगाच गाडीला संशय यायला नको."

वळण आलं. त्यांनी वेग आधीच उतरवला, नजर रस्त्याच्या टोकाला लावली आणि गाडी झुकवली. पाठीमागून एक ऊबदार वजन त्यांच्याबरोबर अलगद झुकलं, जणू आजवर तसंच झुकत आलंय. गाडी रेघेच्या पुष्कळ अलीकडून वळली. पुटपुटणं नाही. जाकिटाला ओढ नाही.

आणि मग कानाशी एकदम, "अगंबाई! अहो, टाकी!"

"काय झालं?"

"केवढी मोठी आहे हो! निळी! आणि वर कबुतरंच कबुतरं! ही इथे कधी बांधली?"

मशीनवाल्यांनी हसू दाबून आधी गाडी सरळ केली. मग हसले.